पादत्राणांपासून व्यसनापर्यंत
* दारूच्या व्यसनाचे अभ्यासक ई. एम. जेलिनेक (१८९०–१९६३) : जन्म न्यू यॉर्कचा, जडणघडण बुडापेस्टची, आई ऑपेरा-गायिका. दारूच्या प्रश्नाकडे ते डॉक्टर म्हणून आले नाहीत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. १९१७ साली त्यांनी हंगेरियनमध्ये पुस्तक लिहिले ते पादत्राणांच्या उगमावर! पुढे मध्य अमेरिकेत केळीच्या कंपनीत संशोधन, मग वूस्टरच्या मनोरुग्णालयात संख्याशास्त्र. माणसाच्या चालीरीतींचे कुतूहल आणि आकड्यांची शिस्त घेऊनच ते येल विद्यापीठात पोहोचले. १९४६च्या निबंधात त्यांनी व्यसनाच्या पायऱ्या मांडल्या, त्या एका प्रश्नावलीला ९८ पुरुषांनी दिलेल्या उत्तरांवरून. ती प्रश्नावली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभासदांनीच आपल्या मासिकात छापली होती. स्त्रियांची उत्तरे मात्र जेलिनेक यांनी बाजूला ठेवली. आमच्या मते ही उणीव मोठीच.