तीन पाळ्यांचं गिरणगाव

मुंबईच्या गिरण्यांवर लिहिणारा कुणीही भोंग्यापासून सुरुवात करतो. मी पाळीच्या तक्त्यापासून करतो, कारण माझी नोकरी त्यातच गेली. एका हॉटेलात मी वर्षानुवर्षं ड्युटी चार्ट लावत होतो: कोण सकाळी, कोण रात्री, कुणाला ब्रेक शिफ्ट. ब्रेक शिफ्ट म्हणजे दुपारची गर्दी ओसरली की घरी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. विरारला राहणारा वेटर कसला घरी जातोय! तो तिथेच कुठेतरी लवंडायचा. ते मधले तास ना त्याच्या पगारात धरले जायचे, ना माझ्या चार्टवर दिसायचे. मी वाढलो त्या लालबागेतल्या गिरण्याही अशाच न धरलेल्या तासांवर चालल्या होत्या.

1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या कापडगिरणीसाठी कंपनी उभी केली. त्या काळी पाळी हा प्रकारच नव्हता. उजाडलं की काम सुरू, अंधारलं की बंद. रविवारची सुट्टी मिळायलासुद्धा 1890 उजाडलं, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधाराची सवलतही गेली. माणसं चौदा-पंधरा तास राबू लागली. मग कायद्याने हात घातला: 1911 मध्ये बारा तास, 1922 मध्ये अकरा, 1934 मध्ये दहा. गंमत अशी की माणसाचे तास जसे घटले तसे यंत्राचे वाढले. दहा तासांनी साचा बंद ठेवण्यापेक्षा त्यावर दुसरा माणूस उभा करणं मालकाला परवडायचं. तिशीच्या दशकात रातपाळी फोफावली, महायुद्धात कापडाला मागणी आली आणि गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या. पुढे आमच्या वस्तीचं घड्याळ ठरून गेलं: सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात.

आता प्रश्न असा की हजारो माणसांच्या या पाळ्या भरायचं कोण? साहेब नव्हे. भरायचा जॉबर. माणूस कामावर घ्यायचा तो, शिकवायचा तो, अडीनडीला पैसे द्यायचा तो आणि दस्तुरी खायचाही तोच. कोकणातला गडी शिमग्याला किंवा गणपतीला गावी गेला, की त्याच्या खाड्याच्या जागी बदली उभा राहायचा. हे बदली पाळी सुरू होण्याआधी दरवाजाशी येऊन थांबत. जॉबर नजर फिरवी, बोट दाखवी. ज्याच्याकडे बोट गेलं नाही तो दुसऱ्या पाळीची आशा धरून आसपास घुटमळत राही. त्या घुटमळण्याचा पैसा कुणी दिला नाही. मजुरांच्या स्थितीवर नेमलेल्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असं सुचवलं. 1935 मध्ये मालकांच्या संघाने बदल्यांना कार्डं देण्याची पद्धत आणली. जॉबरचा हात आखडला खरा. पण गिरणीला माणूस जास्त उभा लागे आणि कामाला कमी, हे गणित तसंच राहिलं.

गिरणीबाहेरची पाळी माझ्या आईने सांभाळली. ती खानावळ चालवायची. एका खोलीत आमचं घर, आणि शेजारच्या गावकीच्या खोलीतले दहा-बारा गडी तिच्याकडे जेवायला. त्या खोलीत भिंतीला ट्रंका रचलेल्या, वर खुंट्यांवर सदरे. बाराच्या पाळीचा गडी सकाळी येई तेव्हा सातचा निघून गेलेला असे. त्याच्याच जागेवर हा आपली वळकटी सोडी. आईचा स्टो मात्र कुणी निघून गेलं म्हणून थांबत नसे. सातच्या गड्याचा डबा पहाटे, साडेतीनला निघणाऱ्याची भाकरी दुपारी, बाराला सुटणाऱ्याचं ताट मध्यरात्री झाकून ठेवलेलं. हिशेब महिन्याच्या पगाराला. संप झाला की उधारी.

यातली खोच मला फार उशिरा कळली. 1948 च्या कारखाने कायद्याने बाईला साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाची मुभा होती. तिच्या संरक्षणासाठीच, यात शंका नाही. पण तीनपैकी दोन पाळ्या तिला बंद झाल्या आणि मालकाला बाई नेमणं अडचणीचं वाटू लागलं. गिरणीच्या आत जिला दोन पाळ्या बंद, ती बाहेर तिन्ही पाळ्या करत होती! 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून खानावळवाल्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. गिरण्यांच्या शंभर वर्षांनंतर त्यांच्या कामाला काम म्हणणारं कुणीतरी भेटलं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि खानावळींच्या वह्यांत उधारी चढत गेली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, तेव्हा कामगारांना घरं देण्याचा नियम झाला. त्यासाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असणं ही अट होती. माझ्या आईचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं.