गल्लीतला कुत्रा विलायतेला निघतो तेव्हा

असे रील तुम्ही पाहिले असतील. गोव्याच्या किनाऱ्यावरचं किंवा वाराणसीच्या घाटावरचं एक लुकडं पिल्लू, मग विमानतळावरचा पिंजरा, आणि शेवटी तेच कुत्रं परदेशातल्या एखाद्या घरात सोफ्यावर पसरलेलं. अर्ध्या मिनिटात गोष्ट संपते. मधले महिने त्यात दिसत नाहीत. त्या महिन्यांमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतही सापडते.

आधी ते महिने बघू. भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये कुत्रा न्यायचा तर त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते. मग रेबीजची लस, तीही पिल्लू किमान 12 आठवड्यांचं झाल्यावर. लशीनंतर निदान 30 दिवस थांबून रक्त काढायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडं दिसली, तर रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. म्हणजे पिल्लू साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत इथून हलत नाही. रुमानियातल्या रस्त्यावरचं कुत्रं जर्मनीला जाणार असेल, तर मात्र पहिल्या लशीनंतर 21 दिवस पुरतात. तिथे सीमा संघाच्या आतली आहे.

हे सगळं कशासाठी? कारण दोन: रेबीजची भीती, आणि रस्त्यावरचा कुत्रा म्हणजे नेमका कोण, याबद्दलचा जुना घोळ.

1832 सालच्या मुंबईत हा घोळ रस्त्यावर आला. भटके कुत्रे मारण्यासाठी कंपनी सरकारने वर्षातले ठरावीक दिवस नेमून दिले होते. त्या वर्षी उन्हाळ्यातली मुदत वाढवली गेली. दर कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पकडणारे लोकांच्या दारातले, घरातले कुत्रेही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, अंत्यविधीतही तो लागतो. 6 जूनला पारशांनी कुत्रे पकडणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी कोटातला बाजार बंद झाला, इतर समाजांचे लोकही त्यात उतरले आणि गोऱ्या शिपायांची रसद अडली. लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. भुलेश्वरला ते आजही आहे.

इंग्रज अधिकाऱ्याला ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही तो बेवारस दिसत होता. मुंबईकराला तोच कुत्रा आपल्या आळीचा वाटत होता. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला चार घरांनी चार नावं ठेवली आहेत आणि तो चारही नावांना ओ देतो. त्याचा मालक कोण, असं विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही.

लंडनमध्ये 1860 साली मेरी टीलबी या बाईंनी कुत्र्यांसाठी निवारा काढला. पुढे तो बॅटरसीला गेला आणि जगभर नावाजला. त्याच्या मूळ नावातच 'हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी' असे शब्द होते. हरवलेला म्हणजे ज्याचं कुठेतरी घर आहे किंवा असायला हवं असा. आजच्या 'दत्तक' या कल्पनेची पाळंमुळं मला इथे दिसतात. कुत्र्याला मालक आणि घर हवंच, ते मिळालं की तो वाचला, हा तिचा पाया आहे.

दुसरा धागा रेबीजचा. 1885 मध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि माणसाला वाचवण्याचा मार्ग सापडला. ब्रिटनने मात्र रोगच देशाबाहेर काढायचं ठरवलं. 1890 च्या दशकात कुत्र्यांना सक्तीने मुसकं बांधलं गेलं, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरणाची अट आली. विसावं शतक उजाडताना तिथून रेबीज गेला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी चोरून कुत्रे आणले आणि 1918 मध्ये रोग परत आला. तो पुन्हा संपवायला 1922 उजाडलं. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या कुत्र्यासाठी सहा महिन्यांची कोठडी हा जणू राष्ट्रीय धर्म झाला. लस, चिप आणि रक्ततपासणी यांच्या भरवशावर 2000 साली काही देशांपुरती ती सैल झाली. आज भारतातल्या पिल्लाला करावी लागणारी प्रतीक्षा म्हणजे त्या कोठडीचीच नवी आवृत्ती.

रस्ते 'साफ' करण्याचे प्रयोग इतरत्रही झाले. 1910 मध्ये इस्तंबूलच्या कारभाऱ्यांनी हजारो कुत्रे मार्मारा समुद्रातल्या सिव्रियादा या ओसाड बेटावर नेऊन सोडले. मोहल्ल्यांनी पोसलेले ते कुत्रे तिथे तहानभुकेने मेले. शहर युरोपसारखं दिसावं, ही त्यामागची एक मोठी हौस होती. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीत जुनी घरं पाडून लोकांना इमारतींच्या खुराड्यांत हलवलं गेलं आणि अंगणातले असंख्य कुत्रे रस्त्यावर आले. 2013 मध्ये बुखारेस्टमध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचं मूल गेलं. त्यानंतर, पकडलेल्या कुत्र्याला 14 दिवसांत कुणी नेलं नाही तर मारण्याची मुभा देणारा कायदा आला. पश्चिम युरोपातल्या अनेक घरांत आज दिसणारे रुमानियन कुत्रे या इतिहासाची लेकरं आहेत.

सीमेवरची भीती पोकळ नाही. जून 2021 मध्ये अझरबैजानहून सुटका करून शिकागोला आणलेल्या प्राण्यांच्या एका तुकडीत एक कुत्रा रेबीजचा निघाला. त्यानंतर महिनाभरातच अमेरिकेने, रेबीजचा धोका जास्त असलेल्या शंभरहून अधिक देशांतून कुत्रे आणणं तात्पुरतं थांबवलं. त्या यादीत भारतही होता. 2024 पासून तिथे नवे, कडक नियम आहेत. कॅनडाने तर सप्टेंबर 2022 पासून अशा देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणणं बंदच केलं.

आणि ही भीती सर्वांत जास्त आपल्याला लागू आहे. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात मुलांची संख्या मोठी असते. पहाटे कामावर निघालेल्या बाईला किंवा शाळेत चालत जाणाऱ्या पोराला कुत्र्यांच्या टोळीची भीती वाटते, तेव्हा त्यांना प्राणिप्रेमाचे धडे देणं मला पटत नाही.

पण उपाय कुठला चालतो, हेही आपल्याला जवळच पाहायला मिळालं. गोव्यात 2014 च्या सुमारापासून सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी घरोघरी, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं. माणसांमधले रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले आणि 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य ठरलं. तिथे कुत्रे बेटावर सोडावे लागले नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला. मग अकरा दिवसांत तो बदलून नसबंदी आणि लसीकरणानंतर पिसाळलेले आणि आक्रमक वगळता बाकीच्यांना मूळ जागी सोडायला सांगितलं. तेव्हा मला 1832 ची मुंबई आठवली.

मग परदेशी दत्तक घेणं चूक का? नाही. तीन पायांचं, आंधळं किंवा गाडीखाली कंबर मोडलेलं कुत्रं रस्त्यावर तगत नाही. त्याला घर मिळत असेल तर ते कुठल्या देशात आहे, याने काय फरक पडतो? पण धडधाकट, लस घेतलेलं, नसबंदी झालेलं, गल्लीत रुळलेलं कुत्रं उचलून पाठवायचं, याला मी सुटका म्हणणार नाही. मोकळं वाढलेल्या कुत्र्याला बंद घर आणि साखळी पुष्कळदा जाचते. शिवाय एका कुत्र्याच्या विमानाच्या भाड्यात लशीच्या कितीतरी मात्रा येतात आणि त्या मात्रांनी माणसंही वाचतात.

रील पाहून तुम्हाला काही करावंसं वाटलं, तर जवळच्या संस्थेत लसीकरणाच्या फेरीला जा. किंवा परदेशी निघालेल्या एखाद्या अधू कुत्र्याला थोडे दिवस घरी ठेवा. रक्ततपासणी ते विमान हे तीन महिने त्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच, आणि असं घर मिळत नाही म्हणून कित्येकांचं जाणं लांबतं.