प्रताधिकारमुक्ती आणि जतन : ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ या मूकपटाच्या संदर्भात

मूकपटांच्या बाबतीत प्रताधिकाराची मुदत आणि चित्रफितीचे आयुष्य यांचा मेळ क्वचितच बसतो. लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा दोन रिळांचा लघुपट याचे बोलके उदाहरण होय. हॅल रोच यांची निर्मिती आणि क्लाइड ब्रुकमन यांचे दिग्दर्शन असलेला हा मूकपट अमेरिकेत १९२७ च्या अखेरीस प्रदर्शित झाला.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार प्रताधिकाराची मुदत २८ वर्षे आणि नूतनीकरण केल्यास आणखी २८ वर्षे, म्हणजे एकूण ५६ वर्षे होती. १९७६ च्या कायद्याने ती ७५ वर्षांवर, तर १९९८ च्या दुरुस्तीने ९५ वर्षांवर नेली. परिणामी १९८३ अखेर संपला असता तो हक्क २०२२ अखेरपर्यंत टिकला. १ जानेवारी २०२३ रोजी हा लघुपट अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झाला.

दरम्यान मूळ कृती मात्र खंडित झाली होती. मलईयुक्त पदार्थांच्या फेकाफेकीच्या गाजलेल्या प्रसंगाचा काही भाग रॉबर्ट यंगसन यांच्या १९५७ च्या ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ या संकलनपटामुळे प्रेक्षकांसमोर राहिला. दुसऱ्या रिळाची प्रत २०१५ मध्ये एका खासगी संग्रहातून उजेडात आली.

मुदतवाढीने हक्क लांबला; परंतु चित्रफीत जपण्याचे बंधन हक्कधारकावर आले नाही. ती जपली संग्राहकांनी. प्रताधिकारमुक्तीने वापराची मुभा मिळते, प्रत मिळत नाही. म्हणूनच मूकपटांच्या अभ्यासात कायद्याच्या इतिहासाबरोबर जतनाचा इतिहासही अभ्यासणे आवश्यक ठरते.