शब्दवेध : पेज

पेण-रोह्याकडच्या भातगावांत सकाळी ‘पेज झाली का?’ असं विचारलं की न्याहारी झाली का, असाच अर्थ. संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून ‘पेया’. प्राकृतात तिची ‘पेज्जा’ झाली आणि आपल्या वाटीत ‘पेज’ आली. आयुर्वेद तर पातळपणावरून नावं बदलतो: शितं नसलेला मंड, थोडी शितं असलेली पेया, घट्ट झाली की विलेपी. नावात तांदूळ कुठेच नाही, फक्त पिणं आहे.

पेजेसारखंच भाताशी जोडलेलं एक पेय हक्का लोकांकडेही आहे, त्याच्या नावाची तऱ्हा मात्र वेगळी. आपल्याकडे हक्का म्हणजे नूडल्स! खरं तर तो चीनमधला एक समाज. नावाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. त्यांच्याकडे भातावर ‘लेई-चा’ ओततात. चहाची पानं, तीळ, शेंगदाणे, पुदिना खरबरीत भांड्यात वाटून त्यावर कढत पाणी घालायचं. ‘लेई’ म्हणजे वाटणं. म्हणजे त्यांनी नाव हाताच्या कामावरून ठेवलं, आपण घोटावरून. ‘चा’ मात्र दोघांचाही, तोच आपला चहा. आणि परसातल्या गवती चहात तर चहाचं पानही नसतं.