पेशी जगवण्याचा इतिहास

सानपाडा स्टेशनावरून पनवेलच्या दिशेने पाचवे स्टेशन खारघर. उलट्या दिशेने पुढचेच वाशी. खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची वास्तू आहे, नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर यांच्यासह. या दोन्ही संस्थांच्या इतिहासात एक नाव समान आहे: डॉ. कमल रणदिवे. हार्बर लाइनने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या भारतीय बनावटीच्या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ही घटना अशा थाटात मांडली की जणू पवईच्या आय.आय.टी.त काही वर्षांपूर्वी अचानक एक कल्पना सुचली आणि ती फळाला आली. डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांचे श्रेय आम्हांला यत्किंचितही कमी करायचे नाही. परंतु रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर काढून, जगवून, वाढवून परत देण्याचा हा उपचार ज्या विद्येवर उभा आहे, ती विद्या मुंबईत रुजायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला आहे. त्या काळाची नोंद कुणी ठेवावी?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठे चिकित्सक बुद्धीचे गृहस्थ. इथल्या माणसांचा कर्करोग पाश्चात्त्य ग्रंथांतल्यासारखा का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तंबाखू-विड्याने होणारा तोंडाचा कर्करोग, एवढेच काय, कमरेला धोतराच्या गाठीचा काच बसून उद्भवणारा त्वचेचा कर्करोगही त्यांनी अभ्यासाचा विषय मानला. धोतराच्या गाठीत शास्त्रीय प्रश्न पाहणारी नजर आम्हांला फार मोलाची वाटते. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. हीच संस्था पुढे नाव बदलत, पत्ता बदलत २००२ मध्ये खारघरला गेली.

कमल रणदिवे या खानोलकरांच्या विद्यार्थिनी. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही टाळले आणि गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह केला. एम.एस्सी.चा विषय तर सीताफळाच्या कुळाची पेशीआनुवंशिकी! १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातल्या 'हेला' पेशी १९५१ मध्ये ज्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, तीच ही. तिथे पेशींना जगवण्यासाठी कोंबडीच्या रक्तातला द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क, माणसाच्या नाळेतले रक्त असली द्रव्ये जमवावी लागत, आणि पेशींच्या नळ्या सतत फिरत ठेवाव्या लागत. हे काम शास्त्राइतकेच स्वयंपाकाचे. जरा जंतुसंसर्ग झाला की आठवड्यांची मेहनत फुकट.

रणदिवे परत आल्या. परळला त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा म्हणून उल्लेखिली जाते. वीज, बर्फ, निर्जंतुक काच या सर्वांचीच जेथे वानवा, तेथे पेशी जिवंत ठेवणे हा स्वतंत्र पुरुषार्थ होता (या शब्दाला स्त्रीलिंगी पर्याय मराठीने अद्याप घडवलेला नाही, हे जाता जाता). स्तनाच्या कर्करोगासाठी उंदरांचे खास वाण तयार करणे, संप्रेरके आणि विषाणू यांचा त्या रोगाशी असलेला संबंध तपासणे, हे त्यांचे मुख्य काम. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम वेगळेच आहे. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या ऊतीतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू की त्याचा दूरचा भाऊबंद, यावर वाद झाला, आणि निकाल भाऊबंदाच्या बाजूने झुकला. तरीही डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली त्यापासून लस तयार झाली, आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत १९९८ मध्ये तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. कर्करोगाच्या संस्थेत प्रतिकारशक्तीचा प्रश्न असा कुष्ठरोगाच्या वाटेने शिरला. पुढे सुधा गांगल यांनी तिथला प्रतिकारशास्त्राचा विभाग सांभाळला. शुभदा चिपळूणकर यांनी 'गॅमा-डेल्टा' नावाच्या टी पेशी तोंडाच्या कर्करोगाशी कशा लढतात याचा अभ्यास केला आणि अ‍ॅक्ट्रेकचे संचालकपदही भूषविले.

१९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या रक्ताच्या कर्करोगावर तुटून पडतात, हा त्यातला गाभा. म्हणजे इम्युनोथेरपी हा शब्द रूढ होण्यापूर्वीच ती इथे होऊ लागली होती.

कार-टीमध्ये पेशी रुग्णाच्याच. त्याच्या रक्तातल्या टी पेशी वेगळ्या करून त्यांत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने, बी पेशींवरील 'सीडी१९' हे चिन्ह ओळखणारे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत देतात. जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला असा डोस दिला गेला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला. अमेरिकेत २०१७ मध्ये अशाच औषधाची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. इथला खर्च त्याच्या साधारण दशांश. तरीही तो लाखांत मोजावा लागतो, आणि लोकलने तपासणीला येणाऱ्या कुटुंबाला दशांश ही संख्या फारसा धीर देत नाही.

शिवाय हे यश रक्ताच्या कर्करोगाचे. तोंड, स्तन, स्वादुपिंड येथल्या घट्ट गाठींपुढे या पेशी अजून हतबल ठरतात. त्याची कारणे अनेक, पण एक विलक्षण कारण 'ऑटोफॅजी'त म्हणजे पेशीच्या स्वभक्षणात सापडले आहे. पेशी आपलेच जीर्ण भाग पिशवीत बांधून पचवते. हे नाव द दूव यांनी १९६३ मध्ये दिले. यीस्टमध्ये त्याची जनुके शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशी याच यंत्रणेने स्वतःवरची ओळखचिन्हे गिळून टाकतात, हे २०२० मध्ये दाखवले गेले. ओळखपत्रच नाही, मग टी पेशी पकडणार कुणाला? स्वभक्षण थांबवल्यावर उंदरांत ती चिन्हे परतली. त्यासाठी वापरता येणारे एक औषध आपल्या घरोघरी माहीत असलेले, हिवतापाचे क्लोरोक्विन. अडचण अशी की टी पेशींनाही दीर्घकाळ टिकून राहण्यासाठी हेच स्वभक्षण लागते. शत्रूचा स्वयंपाक बंद करताना आपल्या सैनिकांचाही बंद होतो.

रणदिवे २००१ मध्ये गेल्या; खारघरची संस्था त्यांनी चालती पाहिली नाही. १९८२ चे पद्मभूषण आणि २०२१ मध्ये गुगलने जन्मदिनी काढलेले चित्र हे त्यांचे सार्वजनिक स्मरण. वाशीची संघटना त्यांनी १९७३ मध्ये अकरा सहकारी स्त्रियांसह स्थापली. पाळणाघराची सोय नसेल तर प्रयोगशाळेतली बाई संध्याकाळी नळ्या सोडून घरी पळते, हे त्या जाणून असाव्यात. खानोलकरांचा तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न मात्र परळहून खारघरला आला तसाच उभा आहे, आणि त्यावर चालणारी टी पेशी अजून कुणाच्याही पिशवीत वाढलेली नाही.