लाल नळीची साक्ष

खामगावच्या आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या दसऱ्याच्या आधी झाडावयास काढला, तेव्हा काट्याची वजने, फुटके कंदील आणि जुन्या चोपड्या यांच्या तळाशी एक चमत्कारिक वस्तू सापडली. पितळी चौकट, तिच्यात करंगळीहून बारीक अशी उभी काचेची नळी, काचेला आतून वाळलेल्या लाल रंगाचा डाग आणि पाठीमागे विणावयाच्या सुईएवढी तांब्याची तुटकी नळी. शेजारच्या पत्र्यावरची अक्षरे पुसून गेली होती. सारख्या अंतरावर पाच रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

घरात तर्कांना ऊत आला. सूनबाई म्हणाल्या, थर्मामीटर. धाकट्याने रक्तदाबाचे यंत्र ठरवले. आमचे गाव पडले कापसाचे; १८७० साली जलंबहून इथवर आगगाडीचा फाटा आला तो कापसापायीच. तेव्हा मी आपले मत जिनिंगच्या बॉयलरवरील पाण्याच्या काचेला दिले. पण ती काच चांगली जाड असते आणि तिची दोन्ही टोके बॉयलरला जोडलेली असतात. शिवाय त्या रेघा! पाच रेघांत भाग चार, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि पुरा. ताप काही कोणी पाव-अर्ध्यात मोजत नाही.

कोडे सोडवले ते मोटारींत हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. तुटक्या तांब्याच्या नळीवरून बोट फिरवीत ते म्हणाले, "हे पेट्रोलचं माप आहे भाऊ. डॅशबोर्डात बसत होतं. तुमच्या घरी मोटार होती काय जी?"

होती. आजोबा कापसाचे अडते. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे खरे, पण आगगाडी मलकापूरला; तिथून सुमारे २८ मैल, मध्ये राजूरचा घाट. कचेरीचे काम, खेड्यापाड्यांतली खरेदी, यांसाठी त्यांनी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली. फोर्ड कंपनीने १९२६ साली मुंबईत बस्तान बसवले होते आणि जनरल मोटर्सने १९२८ साली सुटे भाग जोडून मोटारी बाहेर काढण्याचा कारखाना घातला होता. तेव्हा असल्या गाड्या वऱ्हाडच्या धुळीत काही नवलाच्या नव्हत्या.

आता या मापाची गंमत ऐका. आरंभीच्या पुष्कळ मोटारींत पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. गादी उचलावी, काठी बुडवावी, ओली किती झाली ते पाहावे. पुढे टाकी गाडीच्या पाठीमागे गेली आणि हाकणाऱ्याला बसल्या जागी हिशेब कळेना. त्यावर ही युक्ती निघाली. टाकीच्या तळाशी पालथ्या पेल्यासारखे भांडे. त्यात हवा कोंडलेली. वरच्या पेट्रोलचा भार त्या हवेवर पडे, तो दाब बारीक तांब्याच्या नळीतून डॅशबोर्डापर्यंत येई आणि तिथला लाल रंगवलेला द्रव काचेत वर चढवी. द्रव पेट्रोलहून कित्येक पट जड, म्हणून वीतभर खोल टाकीला दोन-तीन बोटांची काच पुरे. ना तार, ना बॅटरी! १९३० च्या दशकात विजेवरचे काटे रूढ झाले आणि ही नळी मागे पडली.

मिस्त्री जाता जाता सहज बोलून गेले, "थंडीत मात्र हे खोटं बोले. रात्री हवा आखडे, थोडी पेट्रोलात जिरे. सकाळी लाल रेघ खाली. गाडी चार मैल धावली, टाकीत पेट्रोल हिंदकळलं, की भांड्यात पुन्हा हवा भरे अन् रेघ वर."

मी चपापलो. आमच्या घरात एक म्हण आहे. सकाळी दूध कमी भरले, डब्यातले लाडू कमी दिसले, की कोणीतरी म्हणायचेच, "ड्रायव्हरने नेलं वाटतं!" तीन पिढ्या आम्ही ती हसत वापरली. म्हणीतला ड्रायव्हर खरा होता. महायुद्धाचे दिवस; १९४१ पासून पेट्रोलवर रेशन, कुपनाशिवाय थेंब मिळत नव्हता. काही मोटारी तर कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या होत्या. अशा वेळी रात्री पाऊण टाकी दाखवणारी गाडी सकाळी अर्धीच दाखवू लागली. गाडीशेजारी पडवीत निजणारा माणूस एकच. आजोबांनी त्याला काढून टाकले.

नळीवरून तो निर्दोष ठरतो असे मी म्हणणार नाही. कोर्टात ते टिकायचे नाही. पण त्याच्याविरुद्ध पुरावा होता तो एवढाच, आणि तो पुरावा आता माझ्या टेबलावर आहे.

भाऊबीजेला नव्वदी ओलांडलेल्या आत्याला घरी आणले, तेव्हा ती वस्तू तिच्या हाती दिली. तिने चष्मा पुसून पाहिली.

"आत्या, ड्रायव्हरला काढलं ते कोणत्या दिवसांत गं?"

"कापसाच्या हंगामात. पहाटे शेकोटी पेटवत होतो आम्ही. आबा म्हणाले, हंगामाचा पैसा दिसला की माणसाची नियत फिरते." ती थोडा वेळ गप्प राहिली. "तो अंगणात उभा राहून एकच सांगत होता, मालक, टाकीत काठी घालून पाहा."

"मग पाहिली का कोणी?"

"काठी कशाला? काच होती ना समोर."