कामांत गुंतलेल्या कणांचें दर्शन

पोहणाऱ्या माशाचें कौशल्य जाणण्यासाठीं त्याला पाण्याबाहेर काढून ताटांत ठेवलें, तर खवले दिसतात. पोहणें दिसत नाहीं. उत्प्रेरकांचा अभ्यास करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची कित्येक वर्षें हीच अडचण होती. मिथेनॉलसारखे अनेक उपयुक्त पदार्थ धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या साह्यानें तयार होतात. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. हे कण बहुधा अशा कांहीं नॅनोमीटरांचेच असतात. त्यांचें काम चालतें तें तप्त वायूंत. आणि त्यांना दाखविणारें यंत्र चाले तें निर्वातांत!

1931 सालीं बर्लिन येथें माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनीं पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत आणि कांचेच्या भिंगाऐवजीं चुंबकीय भिंग, अशी त्याची रचना. तथापि वायूच्या रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉन आपली वाट सोडतात. म्हणून यंत्रांतील हवा काढून टाकणें भाग पडलें. यावर उपाय शोधण्यास फार विलंब लागला नाहीं. 1935 सालीं ब्रुसेल्स येथें लाडिस्लाउस मार्टन यांनीं पदार्थ दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें बंद करण्याची कल्पना मांडली. 1942 सालीं खुद्द रुस्का यांनींहि अधिक दाबाच्या वायूंत प्रतिमा घेण्याचा प्रश्न हाताळला. पुढें दोन मार्ग रूढ झाले: वायु खिडक्यांच्या आड कोंडणें, अथवा पदार्थाच्या वरखालीं अतिशय बारीक छिद्रें ठेवून त्यांतून निसटणारा वायु पंपांनीं सतत ओढून घेणें.

1972 सालीं इंग्लंडांतील हार्वेल येथील आर. टी. के. बेकर व त्यांचे सहकारी यांनीं निकेलच्या कणांवर अ‍ॅसिटिलीन वायु सोडून काय घडतें, याचें वर्णन प्रसिद्ध केलें. कणाच्या मागें कार्बनचा तंतु वाढत होता आणि त्याच्या टोकावर निकेलचा कण स्वार झालेला होता. कणावर कार्बनचें आवरण पूर्ण चढलें कीं वाढ थांबे. कारखान्यांतील उत्प्रेरक निकामी कां होतात, याचें एक कारण त्यांत प्रत्यक्ष दिसलें. कार्बन धातूच्या अंतर्भागांतून प्रवास करतो, असा निष्कर्ष वाढीच्या वेगावरून काढण्यांत आला.

परंतु अणूंच्या रांगा अद्याप दिसत नव्हत्या. तें काम ज्यांनीं केलें, त्यांत पुण्यांत वाढलेल्या प्रतिभा गाई यांचें स्थान मोठें आहे. 1990 नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ड्यू पॉन्ट कंपनींत एडवर्ड बॉयस यांच्यासह त्यांनीं सूक्ष्मदर्शकाची रचनाच अशी बदलली, कीं वायूंत असतांहि अणूंची मांडणी दिसूं लागली. या रचनेचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं; हें ज्ञान सर्वांना खुलें राहावें, ही त्यामागील दृष्टि.

याच मार्गानें डेन्मार्कमधील टोप्सो संस्थेंतील संशोधकांनीं 2002 सालीं तांब्याचे कण पाहिले. हायड्रोजनमध्यें कडा स्पष्ट असलेला कण पाण्याची वाफ मिसळतांच गोलसर होई, आणि वाफ काढतांच पूर्वरूपास येई. म्हणजे निर्वातांत टिपलेलें चित्र हें त्याचें कामाच्या वेळचें रूप नव्हेच. 2004 सालीं त्यांनीं मिथेन वायूंत कार्बनतंतूची वाढ पाहिली. निकेलचा कण लांबट होई आणि पुन्हां आखडून गोल होई. त्याच्या पृष्ठावर अणूंच्या पायऱ्या बनत व मोडत. प्रवास पृष्ठावरूनच होत असावा, असें त्यावरून सुचलें. जुना निष्कर्ष पुन्हां तपासावा लागला.

2008 सालीं डेल्फ्ट येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें 10 नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन नायट्राइडच्या खिडक्या वापरून 1.2 बार दाबाच्या हायड्रोजनमध्यें, 500 अंश सेल्सिअस तपमानावर, तांब्याचे कण दाखविले. मार्टन यांची जुनी कल्पनाच नव्या सामग्रीनें सफल झाली.

एक शंका मात्र उरतेच. पाहण्यासाठीं सोडलेला झोतच वायूचे रेणू फोडूं शकतो. म्हणून जाणता संशोधक झोत बंद ठेवूनहि प्रयोग करतो आणि दोन्ही फलें ताडून पाहतो. मासा पाण्यांतच पाहावा हें खरें. परंतु पाहणाऱ्याच्या दिव्यानें पाणी तापत नाहीं ना, हेंहि पाहावें लागतें.